वाहनदान : रुग्णशय्येवरून देताना



वारकऱ्याच्या घराला दान नवे नाही. दारी आलेल्या माधुकऱ्याला ओंजळभर पीठ, दिंडीला एका वेळची पंगत, एकादशीचा फराळ, वारीच्या वाटेवर पाण्याचा हंडा, कोणाच्या पायाला फोड आले तर तेलाचे बोट. हे दान करताना कोणी शास्त्र विचारीत बसत नाही, आणि विचारायचे कारणही नाही. पिठाची ओंजळ झोळीत पडली की ती आपली राहत नाही. तिच्यावर कोणाचे नाव लिहिलेले नसते, तिला विमा लागत नाही, आणि तिच्यापायी उद्या कोणाला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

परंतु आता काळ पालटला. जिथे बैलजोडी बांधली जाई त्या अंगणात मोटार उभी राहू लागली. घरातला कर्ता माणूस आजारी पडतो, दवाखान्यात महिनोन्महिने पडून राहतो, आणि अंगणातली मोटार धूळ खात राहते. खाटेवर पडल्या पडल्या त्याच्या मनात येते की, आता ही गाडी आपल्या काय कामाची? एखाद्या संस्थेला, एखाद्या धर्मकार्याला देऊन टाकावी. विचार चांगला आहे. पण चांगला विचारही नीट पुरा केला नाही तर त्यातून दुसऱ्याला त्रास होतो. म्हणून आजच्या पाठाला आम्ही हाच विषय घेतला आहे. दीर्घ आजारात पडलेल्या माणसाने आपली मोटार धर्मार्थ द्यावी काय, आणि द्यायची तर कशी द्यावी?

दान म्हणजे काय द्यायचे?

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले, आणि माउलींनी ते ज्ञानेश्वरीत आपल्यासाठी मराठीत उलगडून ठेवले. त्यांचा भाव आम्ही साध्या शब्दांत सांगतो. देणे हे आपले कर्तव्यच आहे अशा बुद्धीने, ज्याच्याकडून परतफेड व्हायची नाही अशाला, योग्य जागी, योग्य वेळी आणि पात्र पाहून दिलेले ते सात्त्विक. मोबदल्याकडे डोळा ठेवून किंवा मनात कुढत कुढत दिलेले ते राजस. आणि अवेळी, अस्थानी, अपात्री, घेणाऱ्याचा मान न राखता फेकल्यासारखे दिलेले ते तामस.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. भगवंतांनी वस्तू लहान की मोठी यावर प्रकार पाडले नाहीत. मोटार दिली म्हणून सात्त्विक आणि भाकरी दिली म्हणून कमी, असा हिशेब तिथे नाही. देणाऱ्याचे मन, घेणाऱ्याची गरज आणि देण्याची वेळ या तीन गोष्टींवर सगळे अवलंबून आहे. वस्तू हातातून सुटते ती बाहेरची क्रिया झाली. तिच्यावरचे 'माझे' सुटणे हे खरे दान. आता मोटारीवरचे 'माझे' दोन जागी चिकटलेले असते, एक मनात आणि दुसरे कागदावर. दोन्ही जागचे सुटले तरच दान पुरे झाले. एका जागचे राहिले तर ते अर्धे दान. अर्धे दान हे कित्येकदा न दिल्याहून वाईट, असे आमचे म्हणणे आहे. ते का, हे पुढे पाहू.

हिंगणघाटच्या मातीतले उदाहरण

वर्धा जिल्ह्यातले हिंगणघाट हे वणा नदीच्या काठचे, कापसाच्या व्यापाराचे जुने गाव. याच गावी २६ डिसेंबर १९१४ रोजी मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म झाला. तेच पुढे बाबा आमटे या नावाने जगाला ठाऊक झाले. घरची जमीनदारी, कशाला तोटा नव्हता. तरुण वयातच त्यांच्याकडे सिंगर कंपनीची शर्यतीच्या घाटाची मोटार होती, आणि तिच्या गाद्यांना बिबट्याचे कातडे मढविलेले होते. त्या काळी वऱ्हाड-नागपूरकडे एखाद्या गावात मोटार आली तरी पोरे मागे धावत, मग अशी मोटार म्हणजे काय थाट असेल!

पण हा माणूस त्या मोटारीतून उतरला तो कायमचा उतरला. वकिली सोडली. वरोऱ्याच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष असताना त्यांनी भंग्याचे काम स्वतः करून पाहिले, मैल्याची पाटी डोक्यावर घेतली. पुढे महारोग्यांची सेवा पत्करली. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली, आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहू लागले. हिंगणघाटहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेने निघाले की वरोरा वाटेतच लागते. ज्यांना गावाने वेशीबाहेर घातले त्यांच्या हातांनी तिथे शेती पिकली, कापड विणले गेले, इमारती उठल्या.

आणखी एक गोष्ट पाहा. पुढे बाबांच्या पाठीच्या कण्याला असा विकार जडला की त्यांना बसता येईना. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे पडायचे. शस्त्रक्रिया झाल्या, दवाखान्यात दिवसच्या दिवस काढावे लागले. तरी १९८५ च्या डिसेंबरात, सत्तरी ओलांडलेल्या वयात, ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रेला निघाले. तरुण मंडळी सायकलींवर आणि बाबा गाडीत बिछान्यावर आडवे पडून! पहिली गाडी कातड्याच्या गाद्यांची आणि ही गाडी आजारी माणसाच्या बिछान्याची. वाहन तेच, चार चाकांचे. पहिले भोगाचे होते, दुसरे सेवेचे झाले. यावरून एवढे घ्यावे की मोटारीत पाप नाही आणि पुण्यही नाही. ती कोणाच्या कामी लागते यावर सारे आहे. बाबांचे दानाविषयीचे मतही हिंगणघाटकरांनी विसरू नये. नुसती भीक माणसाला पंगू करते, काम त्याला उभे करते, असे ते मानीत. तेव्हा आपली मोटार देतानाही, 'हिने कोणाचे काम उभे राहील?' हा प्रश्न आधी विचारावा.

एक दृष्टांत

आता एक दृष्टांत देतो. समजा, हिंगणघाटकडचा एक माळकरी गृहस्थ आहे. आषाढी-कार्तिकी चुकली नाही असा. त्याला दुखणे आले आणि सेवाग्रामच्या दवाखान्यात त्याला दोन-अडीच महिने झाले. एके दिवशी मुलगा डबा घेऊन आला तेव्हा तो म्हणाला, "बाबू, आपली गाडी देऊन टाकू म्हणतो मी. एखाद्या वृद्धाश्रमाले दे. उभी राहून खराब होऊन रायली."

मुलगा एकदम तडकला. "बाबा, हे काय नवीन काढलं तुमी? औषधाचा खर्च चालू आहे, अन् तुमी गाडी वाटता? काहून?"

बापाला वाटले की पोराला गाडीचा लोभ आहे. तो भिंतीकडे तोंड करून पडला. मुलगाही गप्प बसला. थोड्या वेळाने मुलाच्या डोळ्यांत पाणी आले आणि तो म्हणाला, "बाबा, लोभ नाही मले. पण तुमी गाडी देऊन टाकली म्हंजे तुमी आता घरी येत नाही, असं वाटते. त्या गाडीनंच तुमाले घरी नेईन म्हणून मी रोज पुसून ठेवतो तिले."

बंधूंनो, इथे थांबून विचार करावा. आजारी माणूस वस्तू वाटू लागला की घरच्यांना ती निरवानिरव वाटते. त्यांचा विरोध पुष्कळदा लोभाचा नसतो, प्रेमाचा असतो. तो न ओळखता त्यांना लोभी ठरविणे हा दात्याचाच अहंकार झाला. दृष्टांतातला बापही हे उमजला. म्हणाला, "अरे, मी मरतो म्हणून नाही देत. मी बरा झालो तरी डॉक्टर मले गाडी चालवू देनार नाही. मंग उभी ठेवून करता काय?"

मग त्या बाईने तोंड उघडले, जी इतका वेळ खाटेच्या पायथ्याशी बसून होती. "अवो, तुमचं खरं आहे. पण गाडी गेल्यावर मी इथं येऊ कशानं? यष्टीनं आली तं परत जाता जाता रात होते." हा प्रश्न कोणीच विचारात घेतला नव्हता! वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांची काळजी वाहणारा माणूस आपल्याच घरच्या माणसाच्या येण्याजाण्याची सोय विसरला होता. तेव्हा तिघांनी मिळून ठरविले की, बाईच्या येण्याजाण्याची नीट व्यवस्था आधी लावायची आणि मग गाडी द्यायची. दान काही दिवस लांबले, पण ते तिघांचे दान झाले. पहिल्या दिवशी दिले असते तर ते एकट्याचे झाले असते, आणि बाकी दोघांच्या मनात त्याचा सल राहिला असता.

दृष्टांत इथे संपला. त्यातून तीन प्रश्न निघतात. गाडी खरोखर आपली आहे काय? ती घेणाऱ्याच्या उपयोगाची आहे काय? आणि देण्याचे काम आपण शुद्धीवर असताना पुरे करू काय?

आपले तेवढेच द्यावे

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुकोबांच्या चरित्रात आहे. देहूच्या या घराण्यात सावकारी होती, आणि लोकांकडे येणे असल्याची खतपत्रे घरात होती. वैराग्य झाल्यावर तुकोबांनी ती इंद्रायणीत बुडवायचे ठरविले. परंतु धाकटे बंधू कान्होबा यांना संसार चालवायचा होता. तेव्हा तुकोबांनी खतपत्रांचे दोन वाटे केले. कान्होबांचा वाटा त्यांना दिला आणि स्वतःचा तेवढाच इंद्रायणीला अर्पण केला. कीर्तनात आपण ही कथा वैराग्यासाठी ऐकतो. तिच्यातला न्याय मात्र आपल्या ध्यानातून निसटतो. एवढा विरक्त पुरुष, पण भावाचा वाटा त्याने आपल्या वैराग्यात बुडविला नाही!

मोटारीच्या बाबतीत हाच न्याय लावावा. नोंदणीच्या पुस्तकात आपले नाव आहे एवढ्याने गाडी पूर्ण आपली होत नाही. तिच्यावर बँकेचे कर्ज असेल तर तो बोजा त्या पुस्तकात चढलेला असतो. कर्ज फेडून, बँकेचा दाखला घेऊन, बोजा उतरविल्याशिवाय ती दुसऱ्याच्या नावे होत नाही. हप्ते जर मुलाने भरले असतील तर कागद काहीही म्हणो, धर्माने त्याचा वाटा आहे. त्याला विचारावे. आणि दवाखान्याचे देणे थकले असेल, नातलगांकडून उसने घेतले असेल, तर आधी ते देणे फेडावे. देणेकऱ्याला थांबवून केलेले दान हे त्याच्या खिशातून केलेले दान होय.

कागद का महत्त्वाचा?

"मी तोंडाने 'दिली' म्हटले, किल्ली हातात ठेवली, आता कागदाचे काय?" असे पुष्कळ जण म्हणतात. भाविक माणसाला कागदाचा कंटाळा असतो. परंतु अर्धे दान न दिल्याहून वाईट असे आम्ही वर म्हटले, ते इथेच.

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याप्रमाणे गाडी दुसऱ्याला दिली की देणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते, आणि घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत. वर्धा जिल्ह्याच्या गाड्यांवर एमएच ३२ असते. त्यांचे काम वर्ध्याच्या आरटीओकडे. तिथे नमुना २९ आणि नमुना ३० असे दोन अर्ज असतात. पहिल्यात गाडी दिल्याची खबर आणि दुसऱ्यात नाव बदलण्याची विनंती. सोबत नोंदणीचे पुस्तक, चालू विमा आणि प्रदूषणाचा दाखला लागतो. विमाही घेणाऱ्याच्या नावे करून घ्यावा लागतो.

हे केले नाही तर काय होते? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात स्पष्ट सांगितले की, गाडी प्रत्यक्षात दुसऱ्याच्या हाती गेली असली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. आता विचार करा. गाडी संस्थेला देऊन दाता खाटेवर समाधानाने पडला आहे. संस्थेच्या चालकाकडून रस्त्यावर कोणाला धक्का लागला, आणि विमा कोणीच भरलेला नव्हता. नोटीस येते ती दवाखान्यात पडलेल्या दात्याच्या नावे, किंवा त्याच्या मागे त्याच्या विधवेच्या दारी. पुण्य करायला गेला आणि घरच्यांच्या गळ्यात फास पडला! शिवाय ज्याला धक्का लागला त्या गरिबाने भरपाई मागायची कोणाकडे? म्हणून कागद हा नुसता सरकारी सोपस्कार नव्हे. तोही भूतदयेचाच भाग आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. दानाचा कायदा १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे. त्यात एक अट घातली आहे. दात्याच्या हयातीत आणि तो देण्यास समर्थ असतानाच घेणाऱ्याने दान स्वीकारले पाहिजे. मोटारीसारखी जंगम वस्तू नोंदलेल्या दानपत्राने देता येते किंवा प्रत्यक्ष ताबा देऊनही देता येते. पण 'देईन, देईन' म्हणत दिवस काढले आणि मध्येच शुद्ध हरपली, तर ते दान झालेच नाही. माणूस गेला की गाडी वारसांची. त्यांनी मृत्यूची खबर तीस दिवसांत द्यायची आणि तीन महिन्यांच्या आत आपल्या नावाचा अर्ज करायचा. मग वडिलांचा शब्द पाळायचा की नाही, हे त्यांच्या मनावर राहिले. पोरे चांगली असली तरी त्यांच्यावर हे ओझे का टाकावे?

दवाखान्यात पडलेल्या माणसाला आरटीओत जाता येत नाही. त्याने विश्वासाच्या माणसाला मुखत्यारपत्र द्यावे. मात्र हे ध्यानात असावे की देणारा गेला की मुखत्यारपत्राचा जोरही गेला. मागाहून त्यावर सही करणे म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावाने व्यवहार करणे. दुखणे मोठे असेल, औषधाची गुंगी असेल, तर सही करतेवेळी माणूस पूर्ण शुद्धीवर आहे असा डॉक्टरांचा दाखला आणि घरचे दोन साक्षीदार असावेत. हात थरथरत असेल तर सही जुळत नाही. तेव्हा ती खुणेने किंवा अंगठ्याने कशी करायची हे आधीच विचारून घ्यावे. गुंगीतल्या माणसाकडून अंगठा उठवून घेतलेले दान हे कितीही मोठ्या देवळाला दिलेले असो, ते दान नव्हे. आणि मठ-संस्थांच्या चालकांनाही आमची हात जोडून विनंती आहे की, खाटेवरच्या माणसाकडे आपण होऊन दान मागायला जाऊ नये. तो आपण होऊन देईल, घरचे संमत असतील, तरच हात पुढे करावा.

घेणाऱ्याचा विचार

कठोपनिषदात नचिकेत्याची कथा आहे. बापाने यज्ञात सर्वस्व द्यायचे ठरविले, आणि देताना पुढे केल्या त्या दूध आटलेल्या म्हाताऱ्या गाई! लहान पोराला ते पाहून वाईट वाटले, आणि तिथूनच पुढची सारी कथा घडली. आजच्या काळात त्या गाईंच्या जागी जुनी मोटार ठेवून पाहा. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवावी लागते. जिचे टायर गेले, जिची नोंदणी संपली, जी दर महिन्याला मेस्त्रीकडे न्यावी लागते, अशी गाडी संस्थेला देणे म्हणजे आपला खर्च तिच्या डोक्यावर टाकणे. अशी गाडी सरळ विकावी किंवा रीतसर मोडीत काढावी, आणि आलेला पैसा द्यावा. तेही पूर्ण दानच आहे.

चांगली गाडी असली तरी संस्थेला तिचा चालक ठेवावा लागतो, विमा भरावा लागतो, पेट्रोल घालावे लागते. दिंडीचेच पाहा. दिंडीला सामानाचा ट्रक लागतो, पाण्याचा टँकर लागतो. चार माणसांची मोटार वर्षाचे अकरा महिने उभी राहिली तर मंडळींना ती जडच होणार. घरच्या मोटारीत खाट घातली म्हणजे ती रुग्णवाहिका होत नाही. गाडीच्या मूळ बनावटीत फेरफार करायला नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि रुग्णवाहिकेचे नियम निराळे आहेत. पण म्हाताऱ्यांना तपासणीला नेणे, औषधे आणणे, अनाथ मुलांना शाळेत पोचविणे अशा कामाला घरची मोटार उत्तम. म्हणून आधी विचारावे, 'तुम्हाला गाडी हवी की तिचे पैसे?' आणि संस्थेनेही संकोच न करता खरे सांगावे. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असावी, विश्वस्तांनी गाडी स्वीकारण्याचा ठराव करावा, आणि गाडी संस्थेच्या नावे व्हावी. एखाद्या महाराजांच्या किंवा चिटणीसांच्या स्वतःच्या नावे होऊ नये.

कोणी विचारतील की आयकरात सूट मिळते काय? वस्तूच्या रूपाने दिलेल्या दानाला ती सवलत नाही. ती मिळालीच तर पैशाच्या रूपाने, मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या दानाला मिळू शकते. सूट घेण्यात गैर काही नाही. मात्र सूट मिळत नाही म्हणून जो दान मागे घेतो, त्याने राजस दानाची व्याख्या पुन्हा एकदा वाचावी.

पात्र पाहून कसे द्यावे याचा धडा आपल्या वऱ्हाडच्याच गाडगेबाबांनी घालून दिला आहे. बाबांनी पंढरपुरात यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. ज्यांना तेव्हा कोणी ओसरीवरही उभे करीत नसे त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभारली. १९४९ च्या जुलैमध्ये बाबा मुंबईत आजारी होते. तेव्हाचे कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर दिल्लीला जाण्याचे बाजूला ठेवून, घोंगड्या घेऊन त्यांना भेटायला गेले. कोणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घोंगड्या घेतल्या. आणि पंढरपूरची ती धर्मशाळा बाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, मुलांच्या शिक्षणासाठी. वर्षानुवर्षे लोकांकडून पै-पैसा मागून उभी केलेली वास्तू! पण जिथे ती अधिक कामी येईल तिथे ती दिली. तिच्यावर आपले किंवा आपल्या नातलगांचे नाव राहावे असा आग्रह धरला नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीपाशी, गाडीत असतानाच बाबांचा देह ठेवला गेला. त्या वेळी त्यांच्या मालकीचे असे काही उरले नव्हते. सारे आधीच, धडधाकट बुद्धीने, योग्य हाती पोचले होते. मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तिथे टाटा रुग्णालयात येणारे कर्करोगाचे गोरगरीब रुग्ण आणि त्यांचे नातलग आजही आसरा घेतात. आजारी माणसाच्या नातलगाला रात्रीची पथारी मिळणे केवढे मोठे, हे ज्याने दवाखान्याच्या व्हरांड्यात रात्री काढल्या आहेत त्यालाच कळते.

उजळणी

पाठ लांबला. तो थोडक्यात सांगतो.

गाडी देण्याचा विचार मनात आला की पहिल्यांदा घरच्यांपुढे मोकळेपणाने बोलावे. मरणाच्या भयाने देतो की कामी यावी म्हणून देतो, हे आधी स्वतःला आणि मग त्यांना सांगावे. त्यांच्या गरजेची सोय आधी लावावी.

कर्ज, बोजा, दुसऱ्याचा वाटा आणि थकलेले देणे पाहावे. आपले असेल तेवढेच द्यावे.

घेणाऱ्याला विचारून, त्याला झेपेल आणि त्याच्या उपयोगी पडेल असेच द्यावे. निकामी वस्तू देऊ नये.

शुद्धीवर असताना, साक्षीदारांसमक्ष, चालू तारखेने सह्या कराव्या. आरटीओच्या पुस्तकातून आपले नाव गेले आणि संस्थेचे आले, हे मुलाने जाऊन स्वतः पाहावे. त्याचा कागद घरी ठेवावा.

आणि एकदा दिली की दिली. ती कोण चालवितो, कुठे उभी करतो, काचेवर आपल्या घराण्याचे नाव लिहिले की नाही, याची चौकशी करू नये. आरटीओच्या वहीतून नाव पुसायला महिना लागतो. मनातून पुसायला तेवढेही लागू नये.

जे आजारी आहेत त्यांना पांडुरंग बरे करो, पुढच्या आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात आपल्या सर्वांची गाठ पडो, आणि तिथवर कोणी पायी येवो, कोणी गाडीत आडवे पडून येवो, मुखी नाम एकच असो.

॥ राम कृष्ण हरि ॥